माहीत असेल तरच 'द'

"मॅडम, एक माणूस तुमाले विचारून राह्यला होता," असं शिपायानं येऊन सांगितलं की थूल मॅडम हातातला खडू खाली ठेवत आणि विचारत, "एक, की तो?"

शाळेत नव्यानं आलेल्या माणसाला हा प्रश्न कळत नसे. शिपाई गोंधळून म्हणे, "एकच होता मॅडम. संगं कोणी नव्हतं." स्टाफरूममध्ये हशा पिकत असे. मॅडम इंग्रजी शिकवत, आणि आर्टिकल, म्हणजे 'अ', 'ॲन', 'द', हा त्यांचा जीव की प्राण, त्यामुळे हा त्यांच्या व्याकरणाचा नाद आहे असं सगळे धरून चालत. मीही तसंच धरलं होतं. पुढे मी त्यांच्याच घरात भाड्यानं राहायला गेले, आणि मग मला त्या प्रश्नाचं हसू येईनासं झालं.

मी मूळची नेरची. राळेगाव तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कुलात मराठीची शिक्षिका म्हणून लागले तेव्हा लग्न झालेलं नव्हतं आणि त्या गावात खोली मिळत नव्हती. थूल मॅडम कळंबहून रोज एसटीनं येत. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "माझ्याकडे पुढची खोली रिकामी आहे. घरात मी आणि आई, दोघीच. राहतेस का?" मी गेले ते नऊ-दहा वर्षं राहिले. लग्न होऊन यवतमाळला गेले तेव्हाच ती खोली सोडली.

उंच, सडसडीत बाई. सुती साडी, खांद्याला पिन, हातात घड्याळ, दुसरा दागिना नाही. वर्गात त्या शुद्ध पुस्तकी मराठी बोलत आणि घराच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की आईशी वऱ्हाडीवर येत. राग आला तर उलटं होई. आईवर चिडल्या की एकदम प्रमाण मराठी सुरू. मग आजी, म्हणजे त्यांची आई, माझ्याकडे बघून म्हणत, "पाय बाप्पा, आता शाळा भरली."

त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून होता. मध्ये फक्त पत्र्याचं पार्टिशन, त्यामुळे माझ्या पोरांची कविता चाललेली असताना पलीकडचं इंग्रजी आम्हाला आपोआप ऐकू येई. आर्टिकल शिकवताना त्या पोरांना डोळे मिटायला लावत. "डोळ्यांनी नाही, कानांनी लावायचं असतं. स्पेलिंग फसवतं, कान फसवत नाही. म्हणा, अवर. तास." पोरं म्हणत, "अवर." "आता त्याच्या आधी काय येतं?" "ॲन." "युनिव्हर्सिटी?" थोडी कुजबूज. मग कोणीतरी, "अ." "शाबास. लिहिताना यू आहे, बोलताना य आहे."

एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, वर्ध्याले 'द' लावाचं का नाही लावाचं? पुस्तकात दोन्ही हाये." तो प्रश्न ऐकून मीसुद्धा माझा फळा पुसायची थांबले. मॅडम म्हणाल्या, "कोणतं वर्धा? गाव असेल तर काही नाही. नदी असेल तर 'द'. तू आत्याकडे वर्ध्याला जातेस, तेव्हा नुसतं वर्धा. आणि पुढे ती नदी वाहते ना, ती 'द वर्धा'. तिच्यात उतरायचं असेल तर कशात उतरतोय ते आधी माहीत पाहिजे." पोरं हसली. तो नियम माझ्या वर्गातल्या पोरांच्याही कायमचा लक्षात राहिला.

त्यांचं एक वाक्य शाळेत म्हणीसारखं झालं होतं. "पहिल्यांदा भेटला तर 'अ', ओळख पटली की 'द', आणि नाव कळलं की काहीच नाही." आणि दुसरं, ज्यावरून त्या पोरांच्या वह्यांत लाल रेघा मारत: "माहीत असेल तरच 'द'. माहीत नसताना लावू नका. तो खोटेपणा आहे."

मी एकदा एसटीत त्यांना चिडवलं. "आमच्या मराठीत हे काहीच नसतं मॅडम. तरी कोणाचं अडत नाही."

"अडत कसं नाही? मी म्हटलं, 'घरी बाई आली होती.' तू काय विचारशील?"

"कोण बाई?"

"हं. म्हणजे अडलंच ना तुझं." मग म्हणाल्या, "तुम्ही ते शब्दात नाही ठेवलं. माणसावर सोडून दिलं. त्याला वाटलं तर विचारेल, नाही तर नाही."

त्या नेहमी खिडकीशी बसत. उन्हाची बाजू असली तरी स्टँड ज्या अंगाला येईल त्याच अंगाची खिडकी. वाटेतल्या प्रत्येक फाट्यावर गाडी थांबली की त्या बाहेर उभ्या असलेल्या पुरुषांकडे बघत. चोरून वगैरे नाही, सरळ, एकेकाचा चेहरा. मला सुरुवातीला संकोच वाटे. एक दिवस मी न राहवून विचारलं, "कोणाला शोधता?"

"विनोदला," त्या म्हणाल्या, जसं काही मला ते माहीत असायलाच हवं होतं.

विनोद त्यांचा धाकटा भाऊ. वडील लवकर वारले, मॅडमना नोकरी लागली आणि घर त्यांच्यावर आलं. विनोद दहावीला इंग्रजीत नापास झाला. एका रविवारी दुपारी आम्ही ओट्यावर गहू निवडत बसलो होतो तेव्हा त्यांनी मला हे सांगितलं. आजी आत झोपल्या होत्या.

"मी त्याला काही बोलले नाही," मॅडम म्हणाल्या. "लोकांना वाटतं मी रागावले असेन. रागावले असते तर बरं झालं असतं. मी गप्प बसले. माझाच भाऊ, माझ्याच विषयात. मला शाळेत तोंड दाखवायची लाज वाटत होती. निकाल लागल्यापासून मी त्याच्याशी शब्द बोलले नाही. तो समोर येऊन बसे, मी वह्या तपासत राही. एक दिवस जेवला, हात धुतला, चपला घातल्या आणि गेला. सांगूनसुद्धा गेला नाही. मला वाटलं, स्टँडवर गेला असेल."

त्यांनी गव्हातला खडा काढून बाजूला ठेवला.

"तेव्हा सतरा वर्षांचा होता. मी दरवर्षी त्याला एक वर्षानं मोठा करते. नाही तर चुकीचा माणूस शोधत बसेन ना. आता केस पिकायला लागले असतील. आमच्यात लवकर पिकतात. कदाचित चष्मा असेल."

त्या घराचा रंग निळा होता, आणि आजूबाजूची घरं पिवळी, गुलाबी, टाइल्सची झाली तरी तो निळाच राहिला. दर काही वर्षांनी रंगारी येई आणि आजी त्याच्या डोक्यावर उभ्या राहून तोच निळा लावून घेत. "रंग बदलला तं पोट्टा समोरून निंघून जाईन," त्या म्हणत. पेपरात "अनोळखी इसमाचा मृतदेह" अशी बातमी आली की मॅडम अर्ध्या दिवसाची रजा टाकत. यवतमाळ, राळेगाव, एकदा पार वणीपर्यंत गेल्या. परत आल्या की आजी दारातच उभ्या असत. मॅडम मान हलवत. मग दोघी जेवायला बसत. मी त्या घरात इतकी वर्षं राहिले, पण त्या मान हलवण्यात निराशा जास्त असे की सुटका, हे मला कधी कळलं नाही.

तो माणूस आला ती चतुर्थी होती. कळंबच्या चिंतामणी गणपतीच्या दर्शनाला बाहेरगावची गर्दी असते, रस्त्यावर हारवाले, पेढेवाले. त्या गर्दीत कुठूनसा एक माणूस आला आणि गर्दी ओसरल्यावरही तिथेच बसून राहिला. दाढी वाढलेली, एकाच पायात चप्पल. बोलत नव्हता. आमच्या ओळखीची एक हारवाली आजींना सहज म्हणाली, "माय, नाक पाह्यलं काय त्याचं? तुमच्या इनोदसारखंच हाये."

आम्ही संध्याकाळी शाळेतून आलो तर तो आमच्या ओट्यावर खाटेवर बसलेला. आंघोळ घातलेली, अंगात विनोदचा जुना शर्ट, जो त्याला दंडात घट्ट होत होता. समोर ताटली, आणि आजी त्याला भाकर कुस्करून देत होत्या.

"पाय निमा," आजी मॅडमना म्हणाल्या. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "पाय कोण आलं."

मॅडम फाटकातच थांबल्या. पर्स खांद्यावरून घसरून हातात आली, ती त्यांनी तशीच धरून ठेवली. मग जवळ जाऊन त्या त्याच्यासमोर बसल्या आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. तोही त्यांच्याकडे बघत होता, शांतपणे, जसं कोणी भिंतीकडे बघतं. शेवटी त्यांनी त्याचा डावा हात हातात घेतला. विनोदची करंगळी लहानपणी दारात सापडून वाकडी झाली होती, हे मला ठाऊक होतं. या माणसाची करंगळी सरळ होती.

त्या उठल्या आणि आत गेल्या. आजी मागून गेल्या. मी दारात उभी राहिले.

"आई, हा विनोद नाही."

"थोच हाये."

"बोट बघ त्याचं."

"इतल्या वर्सात सिधं झालं असन."

"आई, मोडलेलं बोट आपोआप सरळ होत नाही. हा विनोद नाही. कोणीतरी एक माणूस आहे."

आजींनी पदरानं चुलीजवळची राख पुसली. मग म्हणाल्या, "एक माणूस म्हंजे? कोणाचा तं असनच ना थो. का आभायातून पडला?"

दुसऱ्या दिवशी मॅडम पोलीस ठाण्यात गेल्या, त्याचं वर्णन आणि फोटो देऊन आल्या. आपल्या ओळखीच्या सगळ्या शिक्षकांना मोबाइलवर फोटो पाठवला. मीही नेरला माझ्या भावाला पाठवला. ठाण्यातल्या जमादारानं विचारलं, "तोवर याले कुठी ठेवाचं?" तर मॅडम म्हणाल्या, "माझ्या घरी आहे. आई सोडत नाही."

तो राहिला. नुकताच पावसाळा संपलेला होता, तो राहिला ते कपाशी वेचून होईपर्यंत. सकाळी उठून अंगण झाडी, हौदात पाणी भरी, मग कडुनिंबाखाली बसून राही. आजी त्याला दिवसभर काहीबाही सांगत. कोण वारलं, कोणाची पोरगी कुठे दिली, विनोद गेल्यापासून गावात काय काय झालं ते सगळं, सुरुवातीपासून. तो ऐकून घेई. "इनोद" म्हटलं की मान वर करी. पण तो कशालाही मान वर करी, भांडं पडलं तरी.

आणि मॅडम त्याला कधी विनोद म्हणाल्या नाहीत. "अहो, जेवून घ्या." "अहो, ते दार लावा." आजींना त्याचं फार लागे. "लेकराले अहो म्हंते," त्या माझ्याकडे कुरकुरत. "काहून म्हंते विचार तिले. एक डाव इनोद म्हटलं तं काय जीभ झडते?"

मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "आईला म्हणू दे. ती आई आहे. मी म्हटलं तर खरं होईल."

"मग होऊ दे ना. घरात बरं वाटतंय."

"आणि खरा कुठे जाईल मग?" त्या म्हणाल्या. "मी याला विनोद म्हटलं तर त्याला शोधणारं कोण राहिलं?"

हे बोलताना त्या पोळ्या लाटत होत्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला मात्र त्या दिवसापासून त्या घरात दोन भाऊ दिसायला लागले. एक कडुनिंबाखाली बसलेला, आणि दुसरा, ज्याला कोणी जेवायला बोलावत नव्हतं. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी मी खोलीतून बाहेर यायला कचरू लागले. कोणी नव्हतं, हे मला समजत होतं. तरी फाटकाशी कोणी उभं आहे आणि आतली ताटं मोजतंय असं वाटे.

त्याच काळात एक दिवस पार्टिशनपलीकडून मॅडमचा आवाज येत होता. नेहमीचाच धडा. "अ मॅन केम टु अवर व्हिलेज." पोरांनी मागून म्हटलं. "द मॅन वॉज हंग्री." पोरांनी म्हटलं. "पहिल्या वाक्यात 'अ' का? कारण तो आपल्याला माहीत नाही. दुसऱ्या वाक्यात 'द' का? कारण..." आणि पुढे काहीच नाही. पोरं थांबली, मग चुळबुळायला लागली. मी उठून त्यांच्या दाराशी गेले. मॅडम फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या, हातातला खडू 'मॅन' या शब्दाखाली टेकवलेला. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, कारण आता थो आपल्याले माहीत हाये."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "फक्त दुसऱ्यांदा आला म्हणून." आणि त्यांनी फळा पुसून टाकला. त्या दिवशी पुढचा धडा झाला नाही.

मग नेरहून माझ्या भावाचा फोन आला. फोटो कापूस बाजारातल्या हमालांपर्यंत पोचला होता. तिथल्या एकानं ओळखलं. देविदास नाव. बाजारात पोतं डोक्यावर पडून मार लागला होता, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नसे, आणि एक दिवस घरातून निघून गेला तो सापडलाच नाही. बायको आहे, एक मुलगी आहे.

त्या दोघी दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीनं आल्या. रविवार होता म्हणून आम्ही घरी होतो. बायको खंगलेली, मुलगी वैशाली अठरा-एकोणीसची असेल. फाटकातून आत येताना मुलीनं त्याला कडुनिंबाखाली बघितलं आणि जागीच उभी राहिली. हाक मारली ती फार हळू. "बाबा."

इतके दिवस भांडं पडलं तरी तशीच मान वर करणारा तो माणूस उठून उभा राहिला. म्हणाला, "वैशू, शाळेत नाही गेली काय?"

त्याच्या तोंडून आम्ही ऐकलेलं ते पहिलं पुरं वाक्य. मुलीची शाळा केव्हाच संपली होती. ती त्याच्या कमरेला मिठी मारून रडायला लागली, आणि बायको मात्र फाटकाला धरून नुसती उभी राहिली, जणू आत यायची परवानगी मागत होती.

मी आजींकडे बघितलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात होत्या. मला वाटलं त्या ओरडतील, अडवतील, आमच्यावर आग पाखडतील. त्यांनी तसं काही केलं नाही. आत जाऊन चहा ठेवला. मग त्याचे कपडे घडी करून पिशवीत भरले, विनोदचा तो शर्टही. देविदासच्या बायकोला जवळ बसवून म्हणाल्या, "याले वांगं देत नोको जाऊ, बाई. लहानपणापासून आवडत नाही त्याले. घसा खवखवते."

विनोदला वांगं आवडत नसे. देविदासनं आमच्याकडे आठवड्यातून दोनदा वांग्याची भाजी ताटली पुढे करकरून खाल्ली होती. त्या बाईनं हे ओळखलं की नाही कोण जाणे. तिनं आजींचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "नाही देणार, माय."

निघताना देविदास आजींच्या पाया पडला. "येतो, माय," म्हणाला.

"ये बापा," आजी म्हणाल्या.

त्यांची गाडी गेली तरी आजी ओट्यावर बसून होत्या. मॅडम बाजूला जाऊन बसल्या. आजी म्हणाल्या, "हा तरी सांगून गेला."

त्यानंतर आजींनी विनोदचं नाव काढणं बंद केलं. पेपरातल्या बातम्या विचारेनाशा झाल्या. दोन-तीन वर्षांनी त्या गेल्या, दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. माझं तेव्हा लग्न झालं होतं, मी यवतमाळहून धावत गेले. घरात बुद्धवंदना चालू होती आणि मॅडम दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाकडे त्या वर बघत. बातमी कुठवर पोचली असेल, याचा त्या हिशेब करत असाव्यात.

घर आजींच्या नावावर होतं, आणि वारस मॅडम आणि विनोद दोघं. ते एकट्या मॅडमच्या नावावर करायला त्या गेल्या तेव्हा मी सोबत होते. कचेरीतल्या बाबूनं सगळं चांगलं समजावून सांगितलं. इतकी वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर कोर्टातून त्याला मृत ठरवून घेता येतं, तुम्ही फक्त तसं सांगा, बाकीचं वकील बघून घेईल.

"मी काय सांगायचं?" मॅडमनी विचारलं.

"हेच, की भाऊ वारला."

"मला माहीत नाही."

"मॅडम, इतल्या वर्सात आला नाही म्हंजे..."

"म्हणजे आला नाही," मॅडम म्हणाल्या. "तेवढं मला माहीत आहे. तेवढं मी लिहून देते."

तेवढ्यानं काम होण्यासारखं नव्हतं. घर आजींच्याच नावावर राहिलं. परत येताना मी थोडी रागावले. म्हटलं, तुमच्या पश्चात या घराचं काय होईल, याचा तरी विचार करा. त्या म्हणाल्या, "अर्चना, मी आयुष्यभर पोरांच्या वह्यांत ज्यासाठी रेघा मारल्या, ते मीच करू का?"

निवृत्त झाल्यावर मॅडम त्या घरात एकट्या राहिल्या. मी महिन्या-दोन महिन्यांनी जाई. देविदासची माणसं संबंध धरून होती, तुरीची डाळ, मोहाचं तेल काही ना काही पाठवत. औषधांनी तो बराच सुधारला होता, बाजारात हलकं काम करू लागला होता. मॅडम त्याची चौकशी करताना "देविदास कसे आहेत" असं पूर्ण नावानं विचारत. मला ते जाणवे. त्याचं नाव घेताना त्यांचा आवाज मोकळा होई.

गेल्या वर्षी त्यांना पोटाच्या दुखण्यानं यवतमाळच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा फारसं काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. मी रोज जाऊन बसे. एक-दोन दिवस फार ताप होता, तापात त्या इंग्रजी बोलत, तुटक शब्द, मध्येच डोळे मिटून "अवर", "युनिव्हर्सिटी" असं काही. मी वैशालीला कळवलं, आणि एका दुपारी देविदास एकटाच आला. पांढरा शर्ट, केस पिकलेले, हातात संत्र्यांची पिशवी. इतक्या वर्षांनी मी त्याला बघत होते. मॅडमनीही तो गेल्यापासून त्याला बघितलं नव्हतं.

तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. मॅडम डोळे मिटून पडल्या होत्या. मी वाकून म्हटलं, "मॅडम, भेटायला आलेत."

मला वाटलं त्या विचारतील, कोण. त्यांनी डोळे उघडले आणि त्याच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "विनोद. आलास काय."

मी गडबडले. "मॅडम, हे देविदास..." असं म्हणायला लागले तर त्यानं मला हातानं थांबवलं.

"हो ताई," तो म्हणाला. "आलो."

"जेवला?"

"जेवलो."

"बस मग."

त्यानं स्टूल ओढलं आणि बसला. मॅडमनी हात पुढे केला. त्यानं तो आपल्या दोन्ही हातांत धरला.

"त्या टायमाले मी बोलली नाही तुह्याशी," मॅडम म्हणाल्या. त्या वऱ्हाडीत बोलत होत्या. "काहीच बोलली नाही. मले बोलाले पायजे होतं."

त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. कोणता टाइम, कसलं बोलणं, कोणाशी. तरी तो म्हणाला, "जाऊ द्या ताई. मले तं आठवतही नाही."

मॅडमनी मान हलवली आणि डोळे मिटले. तो संध्याकाळच्या गाडीपर्यंत तसाच बसून होता. संत्र्यांची पिशवी मांडीवरून खाली ठेवायचंसुद्धा त्याला सुचलं नाही.

दोन दिवसांनी मॅडम गेल्या. देविदासनं खांदा दिला. शाळेतली माणसं आली होती, जुने विद्यार्थी आले होते. बोलता बोलता दवाखान्यातली गोष्ट निघाली तेव्हा कोणी हळहळून म्हणालं की शेवटी तापात बिचारीला भाऊ दिसला. मी हो म्हटलं. घरीही मी सगळ्यांना तसंच सांगते.

पण देविदास यायच्या थोडं आधी नर्स ताप बघून गेली होती. ताप उतरला होता.